मेडिकलच्या अर्जातला निबंध: कमी ग्रेडचं लिहायचं का, आणि लिहायचं तर कुठं?

रंकाळाकर

मंडळी, एका निबंधापायी घरात आठवडाभर रणकंदन चाललंय, म्हणून इथं विचारतो.

माझी भाची. दहावीपर्यंत कोल्हापुरात शिकली, मग बहीण-मेहुण्यांबरोबर न्यू जर्सीला गेली. ती तिकडचीच नागरिक आहे, त्यामुळं व्हिसाचा प्रश्न नाही. जीवशास्त्रात चार वर्षांची पदवी झालीय आणि आता तिकडच्याच मेडिकल कॉलेजांना अर्ज करायचाय. सध्या सुट्टीला आजोळी आलीय. अर्ज मे महिन्यात उघडतो, तोवर निबंध तयार पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲमकास म्हणून एक सामाईक अर्ज असतो, त्यावरून हव्या तेवढ्या कॉलेजांना पाठवता येतं. त्यात एक मुख्य निबंध. मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरं, एकही जास्त नाही. त्यात सांगायचं, डॉक्टर का व्हायचंय.

घोळ ग्रेडचा आहे. पहिल्या दोन वर्षांत जनरल केमिस्ट्रीत एकदा सी प्लस, एकदा सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री मध्येच सोडली (ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, डब्ल्यू पडतो), पुन्हा घेतल्यावर सी. पुढची दोन वर्षं मात्र बायोकेमिस्ट्रीत ए, फिजिऑलॉजीत ए मायनस, बाकीचंही त्याच अंगानं. एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.३१, नुसत्या सायन्सचा ३.१५. एमकॅट, म्हणजे तिकडची मेडिकलची प्रवेश परीक्षा, ५११.

आता घरातली मतं. आईसाहेब म्हणतात, "कोण विचारतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची." मेहुणे फोनवरून म्हणतात, सगळं लिही, पुराचं लिही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. पूर म्हणजे जुलै २०२१ चा. मेहुण्यांचं घर शिरोळ तालुक्यात, अगदी नदीकाठाला. पोरगी त्या वेळी इथंच होती. चिखल उपसून झाल्यावर विमानात बसली आणि ऑगस्टअखेर तिचं कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू झालं.

तिनं निबंधात जो परिच्छेद घातलाय त्याचा गोषवारा देतो (मूळ इंग्रजीत आहे, साधारण ११०० अक्षरं): महापुरात आमचं घर बुडालं, आजोबा खचले, मला अभ्यासात लक्ष घालता आलं नाही. त्यातच केमिस्ट्रीचे प्राध्यापक फार भरभर शिकवत, प्रश्न विचारलेला त्यांना चालत नसे. महामारीनंतरचे दिवस होते. त्यामुळं हे ग्रेड माझी खरी क्षमता दाखवत नाहीत.

मला काहीतरी खटकतंय, पण काय ते नेमकं सांगता येईना. जाणकारांनी बोलावं.

जुना_सीपीआरवाला

रंकाळाकर, मी इथल्याच सरकारी कॉलेजचा. आम्हाला डॉक्टर का व्हायचंय हे कुणी विचारलंच नाही हो! आत्ताही नाही. नीटमध्ये १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकलं की उणे १, ७२० पैकी किती पडले तो आकडा सांगा आणि रांगेत उभे राहा. बारावीत पीसीबीला खुल्या गटात ५० टक्के असले की झालं, त्यापुढं बारावीचे मार्क कुणी बघत नाही. वर्ष मोडलं तर स्टँपपेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र करायचं, तेच आपलं स्पष्टीकरण. त्यात टायपिस्ट लिहितो ते आपण सही करतो.

निबंध खरंच कुणी वाचतं का तिकडं, की नुसती रीत?

पावशेर

गॅपच्या प्रतिज्ञापत्रात माझं कारण होतं "घरगुती अडचण". खरं कारण खासबागेतल्या कुस्त्या. पण टायपिस्ट म्हणाला, हेच सगळ्यांचं असतं, ठेवून द्या.

ओहायोची_माई

वाचतात. मी मूळची मंगळवार पेठेतली, इकडं इंटर्नल मेडिसिन करते आणि आमच्या कॉलेजच्या प्रवेश समितीत काही वर्षं काढलीत. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी तुमच्या आईंच्या मुठीबद्दल. ती मूठ उघडीच आहे. ॲमकास सगळी ट्रान्स्क्रिप्ट मागवून घेतं, प्रत्येक विषय तपासतं आणि स्वतः जीपीए काढतं. अर्जात वर्षवार तक्ता असतो: पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, शेवटी एकूण. त्यात तीन रकाने. एक बायॉलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-गणिताचा, एक बाकी सगळ्याचा, एक एकूण. विषय पुन्हा घेतला असेल तर दोन्ही ग्रेड धरतात, जुना पुसला जात नाही. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत पण दिसतो. म्हणजे निबंध उघडायच्या आधीच मला कळलेलं असतं की ही पोर दोन वर्षं धडपडली आणि मग सावरली. त्यामुळं लपवण्याचा प्रश्नच मिटला.

मग लिहायचं कशाला? कारण तक्त्यात "कधी" कळतं, "काय बदललं" कळत नाही. समितीला दुसरं हवं असतं. मेडिकलचं पहिलं वर्ष म्हणजे रोज अंगावर कोसळणारा अभ्यास. तिथं ही मुलगी गडबडली तर काय करील, एवढीच आमची काळजी. सी का पडला यात आम्हाला फारसा रस नाही.

आता तुम्हाला जे खटकतंय ते. माझ्या मते चार गोष्टी.

एक, तारखा जुळत नाहीत. पूर जुलै २०२१ चा. ऑरगॅनिकचा सी कधीचा? तुम्ही सांगितलं नाही, पण साधारण क्रम बघता २०२३ च्या वसंत सत्राचा (जानेवारी ते मे) असणार. वाचणारा बोटं मोजत नाही असं समजू नका. पुरानं पहिलं सत्र बिघडलं हे कुणीही मान्य करील. दीड वर्षानंतरचं सत्र पुराच्या नावावर टाकलं की पहिल्या सत्राचंही खरं वाटेनासं होतं.

दोन, प्राध्यापक. तो भाग आजच्या आज काढा. खरा असला तरी काढा. त्याच वर्गात कुणाला तरी ए मिळालाय आणि तो अर्जही माझ्याच टेबलावर आहे.

तीन, "खरी क्षमता दाखवत नाहीत". दर हंगामात हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की डोळा आपोआप पुढं सरकतो. शिवाय त्याला अर्थ नाही. बायोकेमिस्ट्रीचा ए तिचा आणि केमिस्ट्रीचा सी दुसऱ्या कुणाचा, असं थोडंच आहे?

चार, जागा. ५,३०० पैकी ११०० म्हणजे पाचवा हिस्सा झाला. डॉक्टर का व्हायचंय या प्रश्नाच्या उत्तरात पाचवा हिस्सा केमिस्ट्रीला!

माझा सल्ला: मुख्य निबंधातून हे सगळं बाहेर काढा. जून-जुलैत प्रत्येक कॉलेज आपापले दुय्यम निबंध मागवतं, सेकंडरी म्हणतात त्याला. त्यात कित्येक कॉलेजं सरळ विचारतात, अभ्यासात काही चढउतार असतील तर सांगा. न विचारणाऱ्यांकडंही बहुतेकदा "आणखी काही सांगायचंय का" अशी एक चौकट असते. ग्रेडचं तिथं लिहायचं. पुरासाठी ॲमकासमध्येच वेगळी जागा आहे, आयुष्यात वाट्याला आलेल्या अडचणींची, १,३२५ अक्षरांची. ऐच्छिक आहे, पण तुमच्या भाचीला नक्की लागू होते. तिथं पूर पुरासारखा लिहावा, ग्रेडची सबब म्हणून नव्हे.

आणि तिला एकच विचारा: २०२३ च्या पावसाळ्यानंतर नेमकं काय बदललं? याचं उत्तर मिळालं की निबंध लिहून झालाच समजा.

कट्ट्यावरचा_पंत

माई, माहितीबद्दल आभार, पण मूळ पद्धतच मला पटत नाही. निबंध म्हणजे ज्याच्याकडं पैसा त्याची चांदी. तिकडं निबंध तपासून देणारे सल्लागार भरपूर पैसे घेतात. इकडं आता यंत्राकडून लिहून घेतात. नीटमध्ये निदान पेपर तरी सगळ्यांना एकच असतो. शिरोळच्या पोराला आणि मुंबईच्या पोराला सारखाच.

जुना_सीपीआरवाला

पंत, पेपर एकच, पण लातूरच्या शिकवणीची फी सगळ्यांना सारखी परवडते का?

ओहायोची_माई

पंतांचा मुद्दा खोटा नाही. पैसेवाल्यांना फायदा होतो, तो इथंही होतो आणि तिथंही. यंत्राबद्दल: कल्पना सुचायला किंवा शुद्धलेखनाला वापरा, पण शेवटचा मजकूर तुमचाच पाहिजे असं ॲमकासचं म्हणणं आहे आणि अर्ज करताना तसं प्रमाणित करावं लागतं. माझा अनुभव विचाराल तर विकत घेतलेला निबंध गुळगुळीत असतो आणि मुलाखतीत उघडा पडतो. पोरानं लिहिलेलं "धैर्यानं सामोरं गेलो" त्याला तोंडानं बोलता येत नाही.

निबंधवाल्या_बाई

मी नववी-दहावीला मराठी शिकवते, तेव्हा मेडिकलचं मला काही कळत नाही. पण गोषवारा वाचून एक दिसलं. त्या परिच्छेदात पाणी घरात आलं, आजोबा खचले, लक्ष लागलं नाही, प्राध्यापक भरभर शिकवत, महामारी होती. प्रत्येक वाक्याचा कर्ता दुसराच कुणीतरी. मुलगी स्वतः कुठं काही करतच नाही. मुलांना मी सांगते, आधी क्रियापदांखाली रेघ मारा आणि त्यातली तुमची किती ते मोजा.

दुसरं, हे मेहुण्यांना सांगा: वाचणाऱ्याला रडवायचं असेल तर लिहिणाऱ्यानं रडायचं नसतं.

शिरोळकर

घर बुडालेला माणूस म्हणून लिहितो. आमचं २०१९ ला गेलं, सावरतोय तोवर २०२१ ला परत. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी म्हणतात, दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. जनावरं सोडायची की बांधायची हा निर्णय रात्रीत घ्यायला लागतो. माझ्या पोरीची दहावी त्याच काळात झाली. तिला मार्क कमी पडले तर मी पूर कारण म्हणून सांगू नको काय?

माई, राग मानू नका, पण "तारखा जुळत नाहीत" वाचून कसंतरी झालं. पुराची तारीख पाणी उतरल्यावर संपत नाही. भिंती वाळायलाच वर्ष जातं. पंचनामे, बँक, सोसायटीचं कर्ज.

ओहायोची_माई

शिरोळकर, राग कसला. तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच ते लिहायला पाहिजे. पाणी आलं एवढं लिहिलं तर अमेरिकेतला वाचणारा बातमीतलं दृश्य डोळ्यांपुढं आणतो आणि पाणी ओसरलं की त्याच्या लेखी विषय संपतो. त्याला दीड वर्षानं काय चालू होतं ते माहीतच नसतं. पुरामुळं सी पडला असं तुटक लिहून चालत नाही, मधल्या कड्या दाखवायला लागतात. भाचीच्या बाबतीत त्या कड्या होत्या की नव्हत्या हे मला माहीत नाही, म्हणून विचारलं.

लंडनचा_पाहुणा

इंग्लंडची पद्धत सांगतो, तुलनेसाठी. इकडं यूकॅसवरून, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक अर्जावरून अर्ज. २०२६ च्या प्रवेशापासून एकसंध निबंध बंद झाला, तीन प्रश्न आले, तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. आणि घरच्या अडचणींमुळं मार्क कमी पडले असतील तर ते मुलानं लिहायचंच नाही, शाळेच्या शिफारसपत्रात त्यासाठी वेगळी जागा आहे. शिक्षक लिहितात. मला ही पद्धत बरी वाटते. स्वतःची कैफियत स्वतःच मांडण्याची लाज वाचते.

पावशेर

आमच्या सरांनी माझं शिफारसपत्र लिहिलं असतं तर मी आज तुरुंगात असतो.

रंकाळाकर

माईंचा प्रश्न काल रात्री भाचीला विचारला. उत्तर ऐकून घर गप्प झालं, म्हणून तिला विचारून, तिच्या परवानगीनंच इथं लिहितो.

ऑरगॅनिकचा सी २०२३ च्या वसंत सत्रातलाच. माईंचा अंदाज अचूक.

ती म्हणाली, पहिली दोन वर्षं मी शाळेत करायचे तसाच अभ्यास केला. वहीत उतरून काढायचं, रेघा मारायच्या, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं. दहावीला त्यानं भरपूर मार्क पडले होते. तिकडं पेपरात पाठ केलेलं काहीच येत नाही, नवीनच रेणू देतात आणि म्हणतात आता याचं काय होईल ते सांग. आणि प्राध्यापकाला जाऊन विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. ते ठरलेल्या वेळी दार उघडं ठेवून बसतात, विद्यार्थी जातात. हिला वाटायचं, गेलं तर ही ढ आहे असं समजतील.

इथवर ठीक. मग तिनं दुसरं सांगितलं. दुसऱ्या सत्रापासून ती एका औषधाच्या दुकानात आठवड्याला वीस तास काम करत होती. घरी सांगितलं होतं की लायब्ररीत बसते. मेहुण्यांनी गावचं घर परत उभं करायला तिच्या शिक्षणासाठी साठवलेल्यातले पैसे काढले होते, ते तिला कळलं होतं. ते कळलंय हे मेहुण्यांना आजही माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कामाचे तास निम्म्यावर आणले. वर्गातल्या चौघांबरोबर गणितं मोठ्यानं बोलत सोडवायला लागली. दर आठवड्याला प्राध्यापकांच्या दारात. त्यानंतरचे ग्रेड वर दिलेत.

आता पंचाईत ही की तिला यातलं पैशाचं काही लिहायचं नाही. "पप्पा वाचतील," म्हणते. आणि मेहुणे रोज फोन करून विचारताहेत, पुराचं लिहिलंस का.

शिरोळकर

हे असंच असतंय. पोरं सांगत नाहीत.

ओहायोची_माई

रंकाळाकर, तिला माझा नमस्कार सांगा.

आता कामाचं. पैसे कुठून गेले हे लिहायची काहीही गरज नाही. तिचं तिच्यापाशी राहू दे. पण नोकरी लिहायला लागेल आणि तिला एक आयती जागा आहे. अर्जात अनुभवांच्या १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरं, त्यात पगारी नोकरीचा वेगळा प्रकार आहे. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, एकूण तास. ही नोंद भरली की मी ती वर्षवार तक्त्याशेजारी ठेवून वाचते: या सत्रात वीस तास काम, ग्रेड सी, त्या सत्रात दहा तास, ग्रेड ए. तिला एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून रुग्णांशी बोलणं झालं असेल तर ते डॉक्टर व्हायच्या कारणातही येऊ शकतं. मुख्य निबंधाचा विषय कदाचित तिथंच असेल, बघा.

मग सेकंडरीत ग्रेडबद्दल तीन-चार वाक्यं पुरे. काय चुकत होतं, काय बदललं, त्याचा परिणाम कुठं दिसतो. आणि त्यातलं मोठं कारण नोकरी नाहीच, अभ्यासाची पद्धत आहे. ते तिनं स्वतःहून आधी सांगितलं हे मला फार आवडलं. नोकरी आधी लिहिली तर सबब वाटते, पद्धत आधी लिहिली तर नोकरी आपोआप समजून घेतली जाते.

मेहुण्यांसाठी: पुराचं १,३२५ अक्षरांत येणारच आहे. खोटं बोलायला लागणार नाही.

प्रीमेड_पोरगी

मी मागच्या हंगामात यातून गेलेय, तर थोडं व्यवहाराचं.

सेकंडरी जुलैत धबाधबा येतात आणि दोन आठवड्यांत परत पाठवाव्यात असा रिवाज आहे. त्यामुळं ग्रेडचं उत्तर आत्ताच लिहून ठेवा. लांब, मध्यम, अगदी छोटं, असं तीन मापांचं. कॉलेजागणिक अक्षरमर्यादा वेगळी असते.

मुलाखतीत हे विचारतातच. लिहिलंय तेच तोंडानं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आवाज न कापता. मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून मैत्रिणीला सांगायचे. ऐकून ऐकून ती झोपायला लागली तेव्हा समजलं, आता जमलं.

आणि ताई आत्ता सुट्टीत तिकडं एखाद्या दवाखान्यात जात असेल तर चांगलंच, बघायला भरपूर मिळतं. पण "मला टाके घालायला दिले", "मी इंजेक्शन दिलं" असलं काही करू नका आणि लिहू तर नकाच. आपल्याकडं ओळखीनं देतात करायला. तिकडच्या समितीला ते शौर्य वाटत नाही, शिक्षण नसताना रुग्णाला हात लावला असं दिसतं. परदेशात रुग्णसेवा करताना काय करू नये याबद्दल तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंच आहेत.

३.३१ असेल तर डीओ (एमडीऐवजी ऑस्टिओपॅथीची पदवी देणाऱ्या) कॉलेजांनाही अर्ज करा. त्यांचा सामाईक अर्ज वेगळा, निबंध तेवढ्याच ५,३०० अक्षरांचा. पूर्वी त्यांच्याकडं विषय पुन्हा घेतला की नवा ग्रेड धरायचे, २०१७ पासून ते बंद झालं, आता सगळे धरतात.

कट्ट्यावरचा_पंत

डीओ म्हणजे ते हाडं मोडूनजोडून देणारे ना? पोरीला डॉक्टर करायचंय की हाडवैद्य?

ओहायोची_माई

पंत, अमेरिकेत डीओला एमडीसारखेच पूर्ण अधिकार आहेत. औषधं, शस्त्रक्रिया, सगळं. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची) मान्यताही एकाच छत्राखाली आली. माझ्या वॉर्डात कोण काय आहे हे मला कोटावरची पाटी वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

रंकाळाकर, एक कडू गोष्टही सांगते, नाहीतर या धाग्यावरून वाटेल की निबंध नीट लिहिला की काम झालं. एमडी कॉलेजात प्रवेश मिळणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर आहे, एमकॅट ५११ च्या आसपास. तिचा एमकॅट बरोबरीचा आहे, जीपीए नाही. काही ठिकाणी आकडे बघूनच अर्ज बाजूला पडेल, निबंध कुणी उघडणारही नाही. ग्रेडचा खड्डा निबंधानं बुजत नाही. जिथं माणूस "घ्यावी की न घ्यावी" अशा विचारात पडलाय, तिथंच त्याचा उपयोग. म्हणून कॉलेजांची यादी रुंद ठेवा, न्यू जर्सीतली सरकारी आधी, डीओ बरोबरीनं. शेवटची दोन वर्षं इतकी चांगली असताना आणखी एखादा वर्षाचा कोर्स करून जीपीए वाढवायची घाई मी करणार नाही. या वेळी नाही जमलं तर मग बघता येईल.

जुना_सीपीआरवाला

माई, एक शंका. आमच्यातले पुष्कळ जण इथं एमबीबीएस करून रेसिडेन्सीसाठी तिकडं जातात. त्यांचंही असंच का? माझ्या बॅचमेटचा पुतण्या आहे, दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीत अडकला होता, आता अर्ज करतोय.

ओहायोची_माई

साधारण हेच, पण ते आणखी थोडक्यात. तिथं निबंध एका पानाचा अपेक्षित असतो आणि प्रोग्राम डायरेक्टरकडं (रेसिडेन्सीच्या प्रमुखाकडं) वेळ त्याहून कमी. स्टेप १, म्हणजे तिकडच्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळं नजर स्टेप २ वर जाते. कॉलेजातला एक विषय पहिल्या फटक्यात राहिला असेल तर एखादं वाक्य. स्टेपच्याच परीक्षेत एक प्रयत्न वाया गेला असेल तर मात्र लिहायलाच पाहिजे, कारण तो रिपोर्टवर कायम दिसतो. पुतण्याला नवा धागा काढायला सांगा, इथं भाचीचं चालू दे.

निबंधवाल्या_बाई

रंकाळाकर, नवा परिच्छेद झाला की टाका हो. क्रियापदं मोजायची आहेत.

रंकाळाकर

टाकतो. काल बसून तिनं लिहिलं, मी फक्त चहा केला. सेकंडरीसाठीचं मधल्या मापाचं आहे. मराठीत असं:

"पहिल्या दोन वर्षांत मी केमिस्ट्री पाठ करत होते. शाळेत त्यावर निभावलं होतं, कॉलेजात निभावलं नाही आणि मदत मागायला मी उशीर केला. त्याच काळात आठवड्याला वीस तास नोकरी करत होते. तिसऱ्या वर्षापासून नोकरी निम्मी केली, दर आठवड्याला प्राध्यापकांकडं जाऊ लागले आणि चौघांच्या गटात प्रत्येक गणित मोठ्यानं सोडवू लागले. बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी मी या पद्धतीनं शिकले. आता त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते."

शेवटचं वाक्य आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शिकवणी घेते म्हणे तिकडं, कॉलेजतर्फे.

पूर वेगळा लिहिलाय. त्यात शाळेतल्या छावणीत आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि ही कुरुंदवाडातली दुकानं पालथी घालत फिरली, ते आहे. पुढं औषधाच्याच दुकानात नोकरी धरली याचा तिनं स्वतः संबंध लावला नव्हता, माझ्या आईनं लावला. मुख्य निबंध बहुतेक आता तिथून सुरू होईल. मेहुण्यांना पुराचा भाग वाचून दाखवला. बराच वेळ फोनवर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, गोळ्यांचं मला कसं माहीत नाही?

निबंधवाल्या_बाई

मोजली. एक "निभावलं" सोडलं तर सगळी तिची. "उशीर केला" ठेवा, काही झालं तरी काढू नका.

ओहायोची_माई

मी असते तर मुलाखतीला बोलावलं असतं. इंग्रजीत करताना "उशीर केला" चं काहीतरी लांबलचक होऊ देऊ नका, एवढंच.

पावशेर

भाचीला म्हणावं नाद खुळा. ॲडमिशन झाल्यावर तांबडा-पांढरा मामाकडं.

रंकाळाकर

अजून एक राहिलं. ऑरगॅनिकचा तो डब्ल्यू. त्याचं कुठं लिहायचं? तिला वाटतंय की त्यावर एक वेगळं वाक्य पाहिजे.

ओहायोची_माई

एकच आहे ना? मग सोडून द्या. चार-पाच असते तर विचारलं असतं. मुलाखतीत निघालाच तर म्हणायचं, नापास होतेय असं दिसलं म्हणून सोडला, पुढच्या सत्रात परत घेतला. खरंच आहे ते.

प्रीमेड_पोरगी

आणि ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच मागवा. अर्ज पडताळायला जूनमध्ये रांग लागते, निबंध तयार असूनही लोक तिथंच अडकतात. कॉलेजात काही क्रेडिट दुसरीकडून आणलेले असतील तर त्या कॉलेजचंही वेगळं मागवावं लागतं.

रंकाळाकर

एक उन्हाळी कोर्स कम्युनिटी कॉलेजात केला होता म्हणते. त्यांचं ऑफिस उघडलं की मेल करते.